वाड्यातलं जुनं सामान इंग्रजीत कसं लिहावं

प्रश्न थोडक्यात असा: वाईत आजोबांचा वाडा आहे, पुढच्या भागात होमस्टे काढायचा आहे. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, सागवानी झोपाळा, मिरजेचा एक तंबोरा, सांगलीच्या आजोळहून आलेली पुराचं पाणी लागलेली पुस्तकं, यातलं काही ठेवायचं आहे आणि काही ऑनलाइन विकायचं आहे. पण इंग्रजी वर्णन लिहायला बसलं की दर ओळीत 'ओल्ड', 'व्हेरी ओल्ड' आणि 'अँटीक' एवढंच येतं. कुठल्या वस्तूला कुठलं विशेषण लावायचं?

इंग्रजी शब्द शोधायच्या आधी ती वस्तू मराठीत नीट सांगा, आणि सांगताना 'जुना' हा शब्द वर्ज्य ठेवा. उंबरा झिजलाय. अंगणाकडच्या दाराचा रंग विटलाय. हंड्याला पोचे आलेत. लुगडं विरलंय. जिना खिळखिळा झालाय. भिंतीला पोपडे धरलेत. ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास येतोय. सात वस्तूंना सात वेगळे शब्द आले, आणि प्रत्येकात कारण दडलेलं आहे: पायांची घासण, ऊन, आपटणं, वारंवार धुणं, सांधे सुटणं, ओल. इंग्रजी विशेषणंही अशीच कारणांवर बेतलेली आहेत. वस्तू कशाने जुनी झाली हे एकदा ठरलं की योग्य शब्द दोन-तीनच उरतात. उलट समानार्थी शब्दांची यादी उघडून त्यातला भारदस्त शब्द उचलला, की 'डिलॅपिडेटेड शर्ट' आणि 'थ्रेडबेअर खुर्ची' असले प्रकार होतात.

झिजेपासून सुरुवात करू, कारण वाड्यात तीच सर्वांत जास्त सापडते. 'वेअर' या क्रियापदाचे दोन अर्थ: अंगावर घालणं आणि वापरून झिजणं. त्याचं तिसरं रूप 'वोर्न', म्हणजे झिजलेलं. यात निंदा नाही, फक्त नोंद आहे. 'आउट' जोडलं की मात्र वस्तू निकामी झाली. 'वोर्न' चप्पल अजून पायात असते, 'वोर्न-आउट' चप्पल उकिरड्यावर जाते. विकायच्या वस्तूला चुकून 'वोर्न-आउट' लिहिलंत तर भंगाराचाच भाव येणार. 'वेल-वोर्न' हा मायेचा शब्द: भरपूर वापरलेलं, हाताला सरावलेलं. तोच शब्द म्हणीला किंवा विनोदाला लावला तर चावून चोथा झालेला असा अर्थ होतो.

'वोर्न'चा खरा उपयोग त्यापुढे दुसरं विशेषण ठेवल्यावर कळतो. उंबरा पायांनी गुळगुळीत झालाय, तो 'वोर्न स्मूद'. जिन्याच्या दगडी पायरीला मधोमध खळगा पडलाय, ती 'वोर्न हॉलो'. धुऊन धुऊन विरलेलं लुगडं 'वोर्न थिन', आणि कोपरावर आरपार भोक पडलेली सदऱ्याची बाही 'वोर्न थ्रू'. दोन शब्दांत वस्तूची अवस्था आणि कारण दोन्ही येतात, त्यामुळे 'व्हेरी व्हेरी ओल्ड' लिहायची गरजच पडत नाही. एक सावधगिरी ठेवा. उंबऱ्याला जी शोभा, तोच पाट्याला दोष. टाकी गेलेला पाटा 'वोर्न स्मूद' लिहिलात तर 'नीड्स री-ड्रेसिंग' हेही सांगा. दगडाला पुन्हा टाकी लावण्याला इंग्रजीत 'ड्रेसिंग' म्हणतात, आणि वाटण वाटायला पाटा घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं.

कशाने झिजलं हे सांगताना शब्दयोगी अव्यय चुकतं. वय किंवा वापर असेल तर 'विथ' (वोर्न विथ एज, वोर्न विथ यूज). घासणारा कर्ता असेल तर 'बाय' (वोर्न स्मूद बाय जनरेशन्स ऑफ फीट). ऊन-पाण्यासारखं कारण असेल तर 'फ्रॉम' किंवा 'बाय' दोन्ही चालतात. 'वोर्न ड्यू टू ओल्डनेस' हे आपल्याकडचं खास. व्याकरणात बसतं, पण कानाला सरकारी पंचनाम्यासारखं लागतं.

'वेदर्ड' हा शब्द सध्या फार उधळला जातो. तो फक्त उघड्यावरच्या वस्तूंचा आहे, कारण त्याच्या पोटात ऊन, वारा, पाऊस आहेत. अजिंक्यताऱ्याच्या तटाचा दगड वेदर्ड, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या वेदर्ड, वाड्याच्या दिंडीदरवाजाची बाहेरची बाजू वेदर्ड. त्याच दरवाजाची आतली बाजू नाही, आणि देवघरातला चौरंग तर कधीच नाही. तेलपाणी न केलेलं सागवान उघड्यावर राहिलं की रुपेरी-राखाडी होतं; त्याला 'वेदर्ड टू अ सिल्व्हर-ग्रे' म्हणतात. जाणकार गिऱ्हाईक हे वाचून समजतं की लाकूड सडलेलं नाही, वरचा रंग तेवढा पालटलाय. माणसाच्या चेहऱ्यालाही हा शब्द लागतो, शेतात राबलेल्या, रापलेल्या.

रंगाचे तीन शब्द वेगळे ठेवा. विटलेलं 'फेडेड', रंग पालटलेलं 'डिसकलर्ड', डाग पडलेलं 'स्टेन्ड'. वयाने पिवळा पडलेला कागद 'यलोड' असतो. सांगलीच्या पेठेत हळदीच्या पोत्यांशेजारी ठेवलेली वही 'टर्मरिक-स्टेन्ड' असते. दोन्हीकडे नुसतं 'यलो' लिहिलंत तर वाचणारा मूळ रंगच पिवळा समजेल. जुन्या तपकिरी छायाचित्राला 'सेपिया' लिहितानाही थांबा. सेपिया ही छपाईच्या वेळी मुद्दाम दिलेली छटा असते. वयाने पिवळटलेला फोटो 'यलोड' किंवा 'फेडेड'. त्याच फोटोच्या काळ्या भागावर तिरपं धरल्यावर चांदीसारखी चमक दिसत असेल तर तिला 'सिल्व्हर मिररिंग' म्हणतात, आणि ती सहसा खऱ्या जुन्या प्रिंटवर दिसते.

आता भांडी. इथे सर्वांत जास्त चुका होतात.

'रस्टी' म्हणजे गंजलेलं, आणि गंज फक्त लोखंडाला चढतो. 'रस्टी ब्रास पॉट' असं काही नसतं. (मराठीत 'गंज' नावाचं भांडंही असतं, पण गंजलेला गंज लोखंडाचाच असणार, पितळेचा नाही.) पितळ, तांबं, चांदी काळवंडतात, रया जाते, त्याला 'टार्निश्ड'. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, म्हणून कपाटात बंद ठेवली तरी पडते. तांब्या-पितळेवर हिरवा थर दिसला तर तो 'व्हर्डिग्री'. हे नाम आहे, म्हणून 'विथ ट्रेसेस ऑफ व्हर्डिग्री' अशी रचना करायची. हा थर विषारी असतो. भांडं स्वयंपाकासाठी विकत असाल तर तो लपवू नका. धातूत बारीक खड्डे पडले असतील तर 'पिटेड', आणि हे दुरुस्त होत नाही. घासून घासून खड्डे जातील असं वाटतं, पण आजूबाजूचा धातू तेवढा पातळ होतो.

'पॅटिना' हा इटालियनमधून आलेला शब्द सगळ्यांना वापरायचा असतो. वर्षानुवर्षांच्या हवेने आणि हाताळण्याने पृष्ठभागावर येणारी ती मऊ, खोल झाक. आधी ब्राँझसाठी, मग लाकूड-चामड्यासाठीही तो रूढ झाला. हेही नाम आहे: 'विथ अ वॉर्म ब्राउन पॅटिना' बरोबर, 'पॅटिना ब्रास लोटा' चूक. आणि गंमत अशी की फोटो काढायच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ लावून लोटा लख्ख केला जातो, आणि खाली 'ब्यूटिफुल पॅटिना' लिहिलं जातं. पॅटिना मोरीत गेली. आता तो 'पॉलिश्ड' लोटा आहे. संग्राहकाला विकायचं असेल तर घासूच नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, बस्स.

कल्हईला इंग्रजीत 'टिन लायनिंग' किंवा 'टिनिंग' म्हणतात. कल्हई उडालेलं पातेलं: 'द टिन लायनिंग हॅज वोर्न ऑफ'. इथे 'ऑफ'च हवं, 'आउट' नको. नव्याने कल्हई केलेलं 'री-टिन्ड'. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट शिजवलं की कळकतं हे आपल्याला ठाऊक आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला नाही. म्हणून कल्हई गेली असेल तर 'फॉर डिस्प्ले ओन्ली' एवढी ओळ टाका.

पोचा म्हणजे 'डेंट'. एक-दोन पोचे असतील तर 'स्लाइटली डेंटेड'. सगळीकडून ठेचलेलं असेल तर 'बॅटर्ड'. बॅटर्डमध्ये वारंवार मार खाल्ल्याचा भाव आहे, म्हणून तो ट्रंक, सुटकेस, एसटीच्या टपावरून फिरलेली पेटी यांना शोभतो. खाण्याच्या संदर्भात मात्र तोच शब्द पिठात बुडवून तळलेल्या पदार्थाला लागतो, तेव्हा होमस्टेच्या मेन्यूत बटाटवड्याचं वर्णन करताना तो बरोबरच आहे, घाबरू नका. 'हॅमर्ड' मात्र दोष नाही. तांबटाने मठारलेल्या भांड्यावरचे एकसारखे ठसे म्हणजे 'हॅमर्ड फिनिश', ती कारागिरी आहे. मठारकामाला 'बॅटर्ड' लिहिणं म्हणजे तांबटाच्या मेहनतीवर पाणी ओतणं. ओळखायचं सोपं: ठसे ओळीने आणि सारख्या खोलीचे असतील तर हॅमर्ड, कुठेही कसेही असतील तर डेंटेड.

चिनी मातीच्या बरण्यांना तीन शब्द लागतात. काठाचा टवका उडाला असेल तर 'चिप्ड', तडा गेला असेल तर 'क्रॅक्ड'. चकाकीच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पसरल्या असतील आणि बरणी टणटणीत असेल तर तो तडा नव्हे, 'क्रेझिंग', बरणी 'क्रेझ्ड'. बोटाने टिचकी मारून पाहा. तडा गेलेली बरणी बद्द वाजते. विशेषणाच्या शेजारी माप लिहायची सवय लावा: 'अ फाइव्ह-मिलिमीटर चिप ऑन द रिम'. 'स्लाइटली' म्हणजे किती यावरून जेवढे वाद होतात, तेवढे मोजून दिलेल्या दोषावरून होत नाहीत.

आरशाचा पारा उडाला म्हणतो आपण. पूर्वी खरंच काचेमागे कथील-पाऱ्याचा थर असे. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीचा थर चढवण्याची पद्धत काढली आणि पारा हळूहळू मागे पडला. मराठीत शब्द राहिला. इंग्रजीत अशा डागाळलेल्या आरशाला 'फॉक्स्ड मिरर' म्हणतात, आणि तो शब्द पुढे पुस्तकांतही येतो.

लाकडी सामान आणि वाडा यांची सरमिसळ करू नका. 'रिकेटी' म्हणजे डुगडुगणारं: खुर्ची, शिडी, जिना. मुडदूस या रोगाचं इंग्रजी नाव रिकेट्स, हाडं मऊ पडण्याचा रोग, त्यावरून हा शब्द. त्यामुळे पायात बळ नसणं हा त्याचा गाभा. भिंतीला किंवा घोंगडीला लागत नाही. 'रॅमशॅकल' म्हणजे मुळातच कसंबसं उभं केलेलं आणि आता विस्कटत चाललेलं: पत्र्याची शेड, गोठा. 'डिलॅपिडेटेड'च्या मुळाशी लॅटिनमधला दगड आहे, दगडावरून दगड निखळणं. म्हणून तो इमारतींना शोभतो, फार तर गाडीला, कपड्याला नाही. 'डेरेलिक्ट' म्हणजे सोडून दिलेलं, पडीक. 'रन-डाउन' म्हणजे देखभाल नसलेलं, पण राहतं.

होमस्टेच्या जाहिरातीत यातला एकही शब्द नको. 'डिलॅपिडेटेड' तर अजिबात नको, कारण नगरपालिकांच्या धोकादायक इमारतींच्या नोटिसांत हाच शब्द असतो, आणि तुमच्याच हाताने तो तुमच्या वाड्याला चिकटवायचं कारण नाही. भिंतीचे पोपडे दिसत असतील तर 'पीलिंग प्लास्टर' किंवा 'पीलिंग पेंट' म्हणा. 'पील्ड पेंट' लिहिलं जातं, पण त्यातून कुणीतरी रंग सोलून काढलाय असं वाटतं. हा फरक इतरत्रही लागतो. 'क्रम्बलिंग' भिंत अजून उभी आहे आणि ढासळते आहे. 'क्रम्बल्ड' भिंतीचं काम झालेलं आहे. 'फेडिंग' म्हणजे विटत चाललेलं, 'फेडेड' म्हणजे विटून झालेलं.

वाड्याचं वय सांगायला 'एन्शंट' लिहू नका. आपल्याकडच्या पाट्यांनी हा शब्द स्वस्त केलाय. एन्शंट म्हणजे हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचं. कराडजवळची आगाशिवची बौद्ध लेणी एन्शंट आहेत. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा किंवा वाईचा ढोल्या गणपती हे 'एटीन्थ-सेंच्युरी', सांगलीचं गणपती मंदिर 'नाइन्टीन्थ-सेंच्युरी'. शतक ठाऊक असेल तर विशेषणाची गरजच नाही. नसेल तर 'पीरियड' हा शब्द मोघमपणे घालू नका. त्यातून नेमक्या काळाचं असल्याचा दावा होतो, आणि तो विचारला गेला तर सिद्ध करावा लागतो.

दुरुस्तीचेही चार शब्द वेगळे आहेत. वाडा 'रिनोव्हेटेड', मूळ रूपात परत आणलेला झोपाळा 'रिस्टोर्ड', फोन-मिक्सर 'रिफर्बिश्ड', इंजिन-मोटार 'रिकंडिशन्ड'. झोपाळ्याची मोडलेली फळी बदलून पांढरा ऑइलपेंट मारला असेल तर ते रिस्टोर्ड नव्हे. 'रिपेअर्ड अँड पेंटेड' लिहा.

कपड्यांचं लवकर उरकतं. 'फ्रेड' म्हणजे कडेचे धागे सुटलेलं: बाहीची कड, दोर, पदराचा काठ. 'टॅटर्ड' म्हणजे चिंध्या झालेलं. 'थ्रेडबेअर' म्हणजे वरची लव उडून ताणा-बाणा दिसायला लागलेलं, मुख्यतः गालिचा, लोकरी कोट, टॉवेल. भारतीय इंग्रजीत 'डिस्कस्ड थ्रेडबेअर' म्हणजे सांगोपांग चर्चा, वर्तमानपत्रांत रोज येतं; इंग्लंड-अमेरिकेचा वाचक त्यावर अडखळतो. घोंगडीला कसर लागली असेल तर 'मॉथ-ईटन'. लाकडाला भुंगा लागला असेल तर 'वर्म-ईटन'. वाळवीला सरळ 'टर्माइट डॅमेज' म्हणा आणि ती आता आहे की जुनी आहे हेही लिहा. घडीवर चिरलेलं रेशमी वस्त्र 'स्प्लिट अलाँग द फोल्ड्स'. रफू केलेलं 'डार्न्ड', ठिगळ लावलेलं 'पॅच्ड'. चामड्याच्या वस्तूला घासून पॉलिश उडालं असेल तर 'स्कफ्ड'. 'शॅबी' हा शब्द मूळचा खपलीवरून आलाय, त्यात हयगयीचा वास आहे. 'शॅबी चिक' ही सजावटीची शैली १९८० च्या दशकापासून तिकडे लोकप्रिय झाली म्हणून हल्ली तो गोडही लागतो. पण 'शॅबी रूम' एवढंच लिहिलंत तर खोली गेलीच.

वासाचे शब्द मराठीत आपल्याकडे तयार आहेत: कुबट 'मस्टी', बुरशीचं 'मोल्डी', शिळं 'स्टेल', खवट 'रॅन्सिड'. ट्रंकेतल्या कपड्यांना मस्टी. मोल्डी लिहिलंत तर प्रत्यक्ष बुरशी आहे असा अर्थ होईल.

पुस्तकांचा धंदा स्वतःची भाषा बोलतो आणि ती शिकून घेतली तर पैसे वाचतात. 'फाइन', 'व्हेरी गुड', 'गुड', 'फेअर', 'पुअर' अशी प्रत ठरते, आणि फसवा शब्द 'गुड' आहे. पुस्तकविक्रीत गुड म्हणजे चांगलं नव्हे. सर्व पानं जागेवर असलेली, वापराच्या खुणा असलेली सामान्य प्रत. पुस्तक खरंच चांगलं असेल तर 'व्हेरी गुड' लिहा. पानाचा कोपरा दुमडलेलं 'डॉग-इअर्ड', हाताळून मळलेलं 'वेल-थम्ड', कणा उन्हाने विटलेलं 'सन्ड', कोपरे ठेचलेलं 'बम्प्ड', शिवण सैल झालेलं 'शेकन', कसरीची भोकं असलेलं 'वर्म्ड'. पानांवर कोल्ह्याच्या अंगासारखे तांबूस ठिपके उठले की 'फॉक्स्ड'. ओलसर हवा, बुरशी आणि कागदातला लोखंडाचा अंश ही त्याची कारणं सांगितली जातात. दमट हवेत जपून ठेवलेल्या पुस्तकालाही फॉक्सिंग होतं, म्हणून ते लिहायला लाजू नका.

आजोळच्या पुस्तकांचं मात्र वेगळं आहे. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. त्या पाण्यातून निघालेल्या पुस्तकाला 'ओल्ड' किंवा 'फॉक्स्ड' म्हणणं खोटं आहे, ते 'वॉटर-डॅमेज्ड'. पाणी जिथवर चढलं ती रेघ 'टाइडमार्क'. ओल लागून वाळलेली लाटांसारखी पानं 'कॉकल्ड', वाकलेले पुठ्ठे 'वॉर्प्ड', नुसती ओल झिरपलेली असेल तर 'डँप-स्टेन्ड'. पुराच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असतं. पानं चिकटलेली असतील तर वाफ देऊन सोडवू नका, शाई आणि कागद दोन्ही जातात. पानं चिकटली आहेत हे तसंच लिहा. लाकडी कपाटालाही याच शब्दांतले दोन लागतात: फुगलेलं दार 'स्वोलन', वाक आलेली फळी 'वॉर्प्ड'.

तंबोऱ्याला 'ओल्ड' म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकतं आणि 'वेल-प्लेड' म्हटलं तर जवळ येतं. वाद्य वाजून मुरलं असेल तर 'प्लेड-इन', आवाज गोल आणि खोल असेल तर 'मेलो'. भोपळा आणि लाकूड नीट वाळवून घेतलेलं असेल तर 'सीझन्ड'. पण दोष वेगळे नोंदवा. घोडीवर तारांनी चर पाडले असतील तर 'द ब्रिज इज ग्रूव्ड'. चर पडले की जवारी, म्हणजे तारांना गुंजारव देणारी घोडीची घडण, बिघडते, आणि जवारी काढून देणारा कारागीर मिरजेत सहज भेटतो, परदेशात मुश्किलीने. म्हणून पाठवण्याआधी ते काम करून घ्या आणि 'जवारी रिसेंटली डन' असं लिहा; 'जवारी' हा शब्द वाद्य घेणाऱ्यांना कळतो, त्याचं भाषांतर करू नका. भोपळ्याला केसाएवढी चीर असेल तर 'हेअरलाइन क्रॅक' आणि तिची लांबी लिहा.

आता 'अँटीक'. हा शब्द तुम्ही सर्वांत सढळ हाताने वापरता आहात आणि त्याचीच सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी. व्यापारात साधारण शंभर वर्षांवरच्या वस्तूला अँटीक म्हणतात. आपल्याकडे तो प्रश्न नुसत्या भाषेचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू आणि कला खजिना कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात, आणि वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं पंचाहत्तर वर्षांवर गेली की त्यात येतात. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे पन्नास वर्षांच्या समईला मोठेपणा म्हणून 'अँटीक, हंड्रेड इयर्स ओल्ड' लिहून परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायला काढलीत, तर तुम्ही स्वतःच्या सहीने कबुलीजबाब दिलात. कस्टम्समध्ये पार्सल अडकलं की पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आणत बसावं लागतं. आणि समई खरंच शंभर वर्षांची असेल तर ती पाठवूच नका. इथेच ठेवा किंवा इथेच विका, व्यवहाराआधी नियम विचारून घ्या. स्पेलिंगही तपासा. शेवटी 'क्यूयूई' हवं. नुसतं 'सी' लिहिलं की 'अँटिक', म्हणजे माकडचेष्टा. 'अँटीक्वेटेड' हा तर टोमणा आहे, कालबाह्य झालेलं.

'व्हिंटेज' हा द्राक्षाच्या हंगामावरून आलेला शब्द, म्हणून त्याच्या शेजारी साल किंवा दशक असलेलं बरं: 'अ नाइन्टीन-सिक्स्टीज व्हिंटेज रेडिओ'. वस्तूंच्या बाजारात शंभरीच्या आतल्या, पण निश्चित काळाची छाप असलेल्या सामानाला तो चालतो. तुमचं बरंचसं सामान या खान्यात बसेल. गाडीचं वेगळं: आपल्या मोटार वाहन नियमांत २०२१ पासून पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज'. दारातली पंचवीस वर्षांची स्कूटर 'ओल्ड' किंवा 'क्लासिक' म्हणा.

दोन शब्द तर सरळ खड्ड्यात नेतात. 'डिस्ट्रेस्ड' फर्निचर म्हणजे नव्या लाकडाला घासून, खरवडून मुद्दाम जुनं दाखवलेलं. तुमचा खरा जुना झोपाळा डिस्ट्रेस्ड लिहिलात की तुम्हीच तो नकली ठरवलात. आणि 'रस्टिक'चा गंजाशी काही संबंध नाही. तो गावाकडचा, साधा, रांगडा या अर्थाचा आहे. शेतावरच्या साध्या होमस्टेला चालतो, पण वाड्याला नाही. सागवानी कोरीव खांबांच्या वाड्याला रस्टिक म्हणणं म्हणजे पैठणीला जाडाभरडा म्हणणं.

विशेषणांच्या क्रमाबद्दल थोडं. अवस्था आधी, मग 'ओल्ड', मग रंग, मग द्रव्य, मग वस्तू: 'बॅटर्ड ओल्ड ब्लॅक टिन ट्रंक'. 'टिन ओल्ड ट्रंक' कानाला टोचतं. नामाआधी जोडविशेषणात संयोगचिन्ह येतं, 'अ वेल-वोर्न सीट'. क्रियापदानंतर येत नाही, 'द सीट इज वेल वोर्न'. 'हेव्हिली वोर्न'सारख्या 'ली'वाल्या शब्दात कुठेच येत नाही. बोलताना 'रॅगिड' आणि 'रगिड' दोन अवयवांचे. 'एज्ड' वय सांगताना एका अवयवाचा, पण वृद्ध माणसाला लावताना 'एजिड'; आजींसाठी तोही नको, 'एल्डर्ली' म्हणा. आणि 'डिंजी' म्हणजे अंधारी-कळकट. त्यात 'एच' घुसला की 'डिंगी', पुरात फिरणारी रबरी होडी. खोलीच्या वर्णनात ही चूक झाली तर पाहुणा हसेल, पण येईल.

झोपाळ्याचं वर्णन जुळवून पाहा: 'अ वेल-वोर्न टीक स्विंग, सीट वोर्न स्मूद, ब्रास चेन्स टार्निश्ड बट साउंड, वन आर्म रिपेअर्ड, अ थ्री-सेंटिमीटर स्प्लिट नीअर द लेफ्ट हुक.' यात 'ओल्ड' नाही, 'अँटीक' नाही. 'साउंड' म्हणजे इथे भक्कम, आवाज नव्हे. झोपाळ्यावर माणूस बसणार असल्याने तो शब्द कड्या खरंच ओढून, वजन टाकून पाहिल्याशिवाय लिहू नका.